औषध संपताच परत येणारी खाज : कुत्र्या-मांजरांमध्ये तिचे मूळ कसे शोधावे

कुत्रा किंवा मांजर अंग खाजवू लागते. पशुवैद्यांकडे नेल्यावर एक इंजेक्शन आणि आठवडाभराच्या गोळ्या मिळतात, दोन दिवसांत खाज थांबते, आणि गोळ्या संपून काही दिवस होतात न होतात तोच ते जनावर पुन्हा त्याच जागी दात लावून केस उपटू लागते. मग दुसरे इंजेक्शन, दुसरे मलम, कधी दुसरा दवाखाना. असे तीन-चार फेरे झाले की ‘याला औषधच लागू पडत नाही’ असे पालक म्हणू लागतात. बहुतेक वेळा औषध लागू पडलेले असते, परंतु त्याने खाज दबलेली असते आणि खाजेचे कारण अंगावर, घरात किंवा जेवणाच्या भांड्यात तसेच राहिलेले असते.

या इंजेक्शनांत आणि गोळ्यांत बहुधा असणारे स्टेरॉइड हे औषध वाईट नाही. जनावर स्वतःला ओरबाडून रक्त काढत असेल तेव्हा ते द्यावेच लागते. मात्र त्यामुळे मिळालेला आराम म्हणजे निदान नव्हे, आणि त्या आरामाच्या दिवसांत पुढचा शोध थांबला की तेच चक्र पुन्हा सुरू होते. हा शोध ठरावीक क्रमाने घ्यावा लागतो. आधी परजीवी, मग जिवाणू व बुरशीचा संसर्ग, त्यानंतर आहार आणि सर्वांत शेवटी परागकण किंवा धुळीतील कीटकांसारख्या वातावरणातील घटकांची ॲलर्जी. शेवटच्या आजाराचे निश्चित निदान करणारी एकही स्वतंत्र तपासणी नसल्यामुळे बाकीची कारणे खोडूनच त्याच्यापर्यंत पोहोचता येते, म्हणून हा क्रम उलटा करून चालत नाही.

आणखी एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. एकाच जनावरात दोन-तीन कारणे एकत्र नांदत असतात आणि त्यांची खाज बेरजेने वाढते. धुळीतील कीटकांची सौम्य ॲलर्जी असलेला कुत्रा एरवी शांत असतो. त्यात पिसवांची भर पडली की सहनशक्तीची मर्यादा ओलांडली जाते आणि तो रात्रभर खाजवतो. अशा कुत्र्याच्या पिसवा काढल्या की ॲलर्जी तशीच असूनही तो पुन्हा शांत होऊ शकतो. त्यामुळे एका उपायाने खाज निम्म्यावर आली, तर तो उपाय फसला असे समजून सोडून देऊ नये. तो चालू ठेवून उरलेल्या निम्म्या खाजेचे कारण शोधावे.

खाज परत केव्हा आली?

पशुवैद्यांना सर्वांत उपयोगी पडणारी माहिती पालकांकडेच असते आणि ती बहुधा कोणी लिहून ठेवलेली नसते. खाज परत येण्याची वेळच कारणाकडे बोट दाखवते. स्टेरॉइड चालू असूनही खाज जेमतेम कमी झाली असेल तर खरूज, अंगावर पसरलेला संसर्ग किंवा आहारातील ॲलर्जी यांचा संशय बळावतो. औषध बंद केल्यावर चार-पाच दिवसांतच ती पूर्ववत झाली असेल, तर कारण रोजच्या संपर्कातले आहे. पिसवांचे औषध घातल्यावर तीन-चार आठवडे बरे वाटून पुन्हा सुरू झाली असेल तर औषधाचा प्रभाव संपला आहे आणि घरात नव्या पिसवा जन्माला येत आहेत, असे मानण्यास जागा आहे. दर वर्षी ठरावीक ऋतूतच उद्भवणारी खाज परागकणांची किंवा पिसवांची असते, तर बाराही महिने सारखी राहणारी खाज आहाराची किंवा घरातील धुळीची असू शकते.

याच्याच जोडीला एक प्रश्न पशुवैद्य हमखास विचारतात, आणि त्याचे उत्तर आठवून ठेवावे: आधी खाज सुटली आणि मागाहून पुळ्या आल्या, की आधी पुळ्या आल्या आणि मग खाज सुटली? नितळ दिसणाऱ्या कातडीवर आधी खाज आली असेल तर ॲलर्जीचा विचार पुढे येतो. पुळ्या आधी आल्या असतील तर संसर्गाचा किंवा परजीवींचा.

एका वहीत आठवड्यातून एकदा खाजेला शून्य ते दहा असे गुण द्यावेत. शून्य म्हणजे निरोगी जनावराइतके अधूनमधून खाजवणे, आणि दहा म्हणजे जेवण, खेळ आणि झोप सोडूनही न थांबणारी खाज. शेजारी त्या आठवड्यात दिलेली औषधे, अंघोळ, पिसवांच्या औषधाची तारीख आणि आहारातील बदल लिहावेत. पंजे, काख, पोट, कान आणि शेपटीचे मूळ यांची छायाचित्रे एकाच उजेडात घ्यावीत. दोन महिन्यांच्या अशा नोंदी हातात असल्या की पशुवैद्यांशी होणारे बोलणे किती नेमके होते, हे अनुभवल्याशिवाय पटत नाही.

पिसवा : ‘आमच्याकडे नाहीत’ हे उत्तर पुरेसे नाही

अंगावर पिसू दिसली नाही म्हणजे पिसवा नाहीत, हा समज मला या सर्व प्रकरणातला सर्वांत घातक समज वाटतो. पिसवांची ॲलर्जी पिसूच्या लाळेमुळे होते आणि अशी ॲलर्जी असलेल्या जनावराला मोजके चावेही अनेक दिवस खाजवत ठेवण्यास पुरेसे असतात. मांजर तर इतके बारकाईने स्वतःला चाटते की पिसवा गिळून टाकते आणि पुरावाच शिल्लक ठेवत नाही. कुत्र्यामध्ये शेपटीचे मूळ, पाठीचा मागचा भाग आणि मांड्यांची आतली बाजू येथे केस विरळ होऊन कातडी लाल किंवा जाड दिसू लागली, तर इतर काही सिद्ध होईपर्यंत पिसवांनाच जबाबदार धरावे. मांजरामध्ये मान, पाठ आणि शेपटीजवळ हाताला मोहरीच्या दाण्यासारख्या बारीक खपल्या लागतात.

तपासणी घरी करता येते. जनावराला पांढऱ्या कापडावर उभे करावे आणि उवांसाठी वापरतात तशी बारीक दातांची फणी शेपटीच्या मुळाशी, कातडीला टेकवून, हळूहळू ओढावी. फणीत किंवा कापडावर काळे कण पडले तर ते ओल्या पांढऱ्या टिश्यू पेपरवर ठेवून मिनिटभर थांबावे. माती असेल तर ती मातीच राहते. पिसवांची विष्ठा असेल तर तिच्यातील पचलेले रक्त विरघळून कणाभोवती तांबूस-तपकिरी वलय उमटते. शेपटीखाली किंवा विष्ठेवर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसणे हीसुद्धा पिसवांचीच खूण आहे, कारण डिपिलिडियम नावाचा फीतकृमी बहुधा जनावराने पिसू गिळल्यामुळेच पोटात जातो.

औषध घालूनही पिसवा का परततात, हे त्यांच्या जीवनक्रमात दडलेले आहे. कुत्रा आणि मांजर या दोघांवरही बहुधा मांजराची पिसू म्हणून ओळखली जाणारी एकच जात आढळते. मादी रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांतच अंडी घालू लागते आणि दिवसाला ४० ते ५० पर्यंत अंडी घालू शकते. ही अंडी केसांत चिकटून राहत नाहीत. जनावर जेथे झोपते, उडी मारते, अंग झटकते तेथे ती गळून पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या उजेडापासून दूर, गालिच्याच्या तळाशी, फरशीच्या भेगांत, गादीच्या शिवणीत शिरतात आणि पुढे चिकट कोषात जातात. या कोषावर फवारणीचा फारसा परिणाम होत नाही. आतली पिसू महिनोन्‌महिने थांबू शकते आणि पावलांची कंपने, ऊब व श्वासातील कार्बन डायऑक्साइड यांची चाहूल लागताच बाहेर येते. कोणत्याही वेळी घरातील एकूण पिसवांपैकी जनावराच्या अंगावरचा वाटा साधारण ५ टक्के मानला जातो. उरलेला ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपात घरात असतो. उबदार, दमट हवेत हे चक्र तीन-चार आठवड्यांत पूर्ण होते.

म्हणून उपचार फसण्याची कारणेही ठरलेली आहेत. एकाच जनावराला औषध दिले जाते आणि ‘ते तर खाजवतच नाही’ म्हणून घरातील दुसरे जनावर वगळले जाते. ॲलर्जी नसलेले ते दुसरे जनावर पिसवांना निवांत पोसत राहते. एक महिना औषध देऊन थांबवले जाते, खरे तर कोषांतील पिसवा संपेपर्यंत किमान तीन महिने खंड न पडू देता ते द्यावे लागते. मानेवर घालायचे थेंब कातडीवर न पडता केसांवर पडतात, किंवा थेंब घालण्याच्या आदल्या अथवा दुसऱ्याच दिवशी शाम्पूने अंघोळ घातली जाते. अनेक उत्पादनांसाठी अंघोळ आणि थेंब यांत दोन दिवसांचे अंतर लागते, ते वेष्टनावर पाहून घ्यावे. मात्रा जुन्या वजनानुसार दिली जाते आणि मधल्या काळात पिल्लू वाढलेले असते. औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पिसवा दिसल्या तर घाबरू नये. त्या बहुधा कोषांतून नव्याने निघालेल्या असतात आणि औषध घेतलेल्या जनावरावर मरतात. या काळात अंथरुणे कढत पाण्यात धुवावीत आणि व्हॅक्यूम क्लीनर वारंवार फिरवावा. त्याच्या कंपनांनी कोषांतील पिसवा लवकर बाहेर पडतात, हाही त्याचा फायदा आहे.

औषध निवडताना पशुवैद्यांना जनावराचे वय, वजन, गाभण असल्यास ते, आणि पूर्वी कधी झटके आले असल्यास तेही सांगावे. फ्लुरालानेर, अफॉक्सोलानेर, सारोलानेर, लोटिलानेर या आयसोक्साझोलिन गटातील औषधांनी पिसवांचा बंदोबस्त उत्तम होतो, परंतु झटक्यांचा इतिहास असलेल्या जनावरात ती जपून वापरावी लागतात. कुत्र्याच्या काही थेंबांत परमेथ्रिन असते आणि ते मांजराला विषारी आहे: थरथर, झटके आणि मृत्यूही संभवतो. कुत्र्याचे औषध ‘थोडेसे’ म्हणूनही मांजराला लावू नये, आणि परमेथ्रिन लावलेल्या कुत्र्याशेजारी मांजराला झोपू देऊ नये.

खरूज आणि गजकर्ण

कानाच्या कडा, कोपर, मागच्या पायांचे घोटे आणि पोट येथे अतिशय तीव्र खाज असेल, आणि कानाची कड दोन बोटांत चोळताच कुत्रा मागचा पाय हलवून खाजवण्याचा आविर्भाव करत असेल, तर सारकॉप्टिक खरजेचा विचार करावा. घरातील माणसांना हातांवर किंवा पोटावर खाजरे पुरळ उठले असेल तर ते आवर्जून सांगावे. या खरजेचे कीटक कातडी खरवडून केलेल्या तपासणीत पुष्कळदा सापडतच नाहीत. त्यामुळे तपासणी निर्दोष आली तरी लक्षणे जुळत असल्यास पशुवैद्य थेट उपचार करून पाहतात, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या प्रकारची, डेमोडेक्स या कीटकाची खरूज कुत्र्यांमध्ये संसर्गजन्य नसते. तिच्यात केस झडतात, पण संसर्गाची भर पडेपर्यंत खाज कमी असते. ती स्टेरॉइडने बळावते. गजकर्णाचेही तसेच. पिल्लांमध्ये गोल, केस गेलेले, कोंडा धरलेले चट्टे दिसले तर अतिनील दिव्याखालची तपासणी आणि बुरशीचे कल्चर (नमुना प्रयोगशाळेत वाढवून पाहणे) होईपर्यंत कोणतेही स्टेरॉइडयुक्त मलम लावू नये. गजकर्ण माणसांना, विशेषतः लहान मुलांना लागतो.

जिवाणू आणि यीस्ट यांचा संसर्ग

निरोगी कातडीवरही स्टॅफिलोकोकस स्यूडिंटरमीडियस हा जिवाणू आणि मॅलॅसेझिया हे यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वस्तीला असतात. खाजवून, चाटून कातडीचे संरक्षक आवरण दुबळे झाले की ते वाढतात आणि स्वतःच खाज निर्माण करू लागतात. जिवाणूंच्या पुळ्या फुटून गोल कडांचे, पापुद्रे सुटलेले चट्टे दिसतात. यीस्ट वाढले की कातडी तेलकट, काळपट व जाड होते, कुबट वास येतो आणि पायांच्या बोटांमधले केस लाळेमुळे तांबूस दिसतात.

येथे सर्वांत उपयोगी तपासणी साधी आहे. पारदर्शक चिकटपट्टी किंवा काचपट्टी कातडीवर दाबून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की जिवाणू आहेत की यीस्ट, की दोन्ही, हे काही मिनिटांत कळते. ही तपासणी न करता दिलेले अँटिबायोटिक यीस्टच्या संसर्गात काहीच करत नाही. दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा पुळ्या आल्या असतील तर कल्चर करून कोणते अँटिबायोटिक लागू पडते ते तपासून घेण्याचा आग्रह पालकांनी धरावा, कारण मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणू कुत्र्यांमध्येही आढळतात आणि अंदाजाने दिलेल्या प्रत्येक कोर्सगणिक त्यांचे फावते.

पुळ्या वरवरच्या असतील तर क्लोरहेक्सिडीनयुक्त शाम्पूने, पोटात अँटिबायोटिक न देताही, पुष्कळदा काम होते. त्यात एकच चूक पुन्हा पुन्हा होते: फेस आला की लगेच पाणी ओतले जाते. औषधी शाम्पू कातडीवर दहा मिनिटे राहिला पाहिजे. घड्याळ लावावे, सर्वांत त्रास असलेल्या जागी आधी फेस करावा आणि तोवर जनावराला चाटू देऊ नये. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीनदा अशी अंघोळ लागते. अँटिबायोटिक दिले असल्यास ते पशुवैद्यांनी सांगितल्याशिवाय मध्येच थांबवू नये, आणि कोर्स संपण्यापूर्वी कातडी पुन्हा दाखवावी. एवढे करूनही संसर्ग उलटला, तर तो कशाच्या आधाराने उलटतो हे शोधणे भाग आहे. प्रौढ किंवा वयस्क कुत्र्यात, फारशी खाज नसताना, दोन्ही बाजूंचे केस सारखेच विरळ होऊन वारंवार पुळ्या येत असतील तर थायरॉइडची कमतरता किंवा कुशिंग आजार (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होणे) यांसाठी रक्त तपासावे लागते.

कान

वारंवार बिघडणारा कान हा बहुधा कानापुरता आजार नसतो. कानाच्या नळीचे अस्तर म्हणजे कातडीच, आणि ॲलर्जी असलेल्या कित्येक कुत्र्यांत पहिली व कधीकधी एकमेव तक्रार कानाची असते. कानात टाकायचे थेंब संसर्ग मारतात. ॲलर्जी तशीच राहते आणि महिन्याभराने कान पुन्हा वास मारू लागतो.

कुत्र्या-मांजरांच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. या वळणामुळे मळ आत साचतो आणि बाहेरून पाहून काहीच कळत नाही. पशुवैद्यांनी ऑटोस्कोपने (कानात पाहण्याच्या दिव्याच्या उपकरणाने) कानाचा पडदा पाहिल्याशिवाय आणि कानातील स्राव सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय थेंब सुरू करू नयेत, हे माझे ठाम मत आहे, कारण पडदा फाटला असल्यास काही औषधे आतल्या कानाला इजा करून बहिरेपणा आणू शकतात. घरात मागच्या वेळची उरलेली बाटली असते आणि ती वापरण्याचा मोह होतो. तो याच कारणासाठी टाळावा.

मांजरात, विशेषतः पिल्लांत, कॉफीच्या चोथ्यासारखा काळा-तपकिरी मळ दिसला तर कानातील कीटकांची शक्यता मोठी असते. त्यांचे जीवनचक्र तीन आठवड्यांचे आहे आणि ते एकमेकांना सहज लागतात. म्हणून घरातील सर्व जनावरांना औषध लागते. तरुण मांजराचा एकच कान सतत वाहत असेल तर आत मांसल गाठ आहे का ते पाहावे लागते. कुत्र्याचा एकच कान अचानक दुखू लागला, तर गवताचे कुसळ आत गेले असण्याचा संभव असतो.

कान साफ करण्याची रीत अशी: पाळीचे टोक वर धरून द्रावण नळी भरेल इतके ओतावे, बाटलीचे टोक आत खुपसू नये, मग कानाच्या बुडाशी, जबड्याच्या मागे, अर्धा-एक मिनिट चोळावे. चपचप असा ओलसर आवाज आला म्हणजे द्रावण तळापर्यंत पोहोचले. नंतर जनावराला डोके झटकू द्यावे आणि वर आलेला मळ बोटाला गुंडाळलेल्या कापसाने, बोट जाईल तेवढ्याच भागातून पुसावा. कापूस लावलेली काडी वापरू नये. तिने मळ आणखी आत ढकलला जातो. कानाला हात लावताच जनावर कळवळत असेल तर घरी काहीही न करता दवाखान्यात न्यावे. थेंबांचा कोर्स संपताना कान पुन्हा तपासून घ्यावा, कारण खाज थांबते त्या दिवशी संसर्ग संपलेला असतोच असे नाही.

आहाराची चाचणी

पिसवा आणि संसर्ग यांचा बंदोबस्त करूनही बारमाही खाज राहिली, किंवा तिच्यासोबत वारंवार पातळ जुलाब, उलट्या, पोटात गुडगुड असेल, तर आहाराकडे वळावे. रक्त, लाळ किंवा केस यांवरून आहारातील ॲलर्जी सांगणाऱ्या तपासण्या भरवशाच्या नाहीत. खरी तपासणी एकच आहे: जनावराने पूर्वी कधीही न खाल्लेल्या प्रथिनांचा, किंवा ज्यातील प्रथिनांचे अतिसूक्ष्म तुकडे केलेले असतात असा हायड्रोलाइज्ड आहार, आणि त्याखेरीज दुसरे काहीही नाही, किमान आठ आठवडे. आहारातील ॲलर्जी असलेल्या बहुतेक कुत्र्या-मांजरांमध्ये या मुदतीत फरक दिसतो. दोन आठवड्यांत काही झाले नाही म्हणून चाचणी सोडणे म्हणजे केलेले श्रम वाया घालवणे होय. पोटाच्या तक्रारी लवकर सुधारतात, कातडीला वेळ लागतो.

चाचणी फसते ती बारीकसारीक गळतीमुळे. चवदार जंताची गोळी, मांसाच्या स्वादाची टूथपेस्ट, औषध लपवण्यासाठी दिलेला चीजचा तुकडा, मुलाच्या हातून पडलेले बिस्किट, दुसऱ्या जनावराचे उष्टे भांडे: यांपैकी एकही पुरेसे असते. म्हणून घरातील प्रत्येक माणसाला, मुलांना आणि पाहुण्यांनाही, आधी सांगून ठेवावे. स्वयंपाकघराच्या दारावर कागद लावावा. आणि चुकून काही खाल्ले गेलेच तर त्याची तारीख वहीत लिहावी. दुकानात सहज मिळणाऱ्या ‘मर्यादित घटकांच्या’ खाद्यांत वेष्टनावर न लिहिलेल्या प्रथिनांचे अंश आढळलेले आहेत, त्यामुळे चाचणीपुरते तरी पशुवैद्यकीय खाद्यच घेणे शहाणपणाचे आहे. केवळ धान्य वगळलेले खाद्य या कामासाठी निरुपयोगी आहे, कारण कुत्र्यांमध्ये गोमांस, दुग्धपदार्थ आणि कोंबडी, तर मांजरांमध्ये गोमांस, मासे आणि कोंबडी ही प्रथिने बहुधा दोषी ठरतात.

मांजराचा आहार एकदम बदलू नये. नवे खाद्य आवडले नाही तर भूक लागल्यावर खाईल असे म्हणून वाट पाहणे मांजरात धोक्याचे असते. काही दिवसांच्या उपासाने, त्यातही लठ्ठ मांजरात, यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. जुन्या खाद्यात नवे थोडे थोडे मिसळत आठवडाभरात बदल करावा आणि पूर्ण बदल झाल्यावर आठ आठवडे मोजावेत.

खाज कमी झाली की पालक समाधानाने तेथेच थांबतात. परंतु चाचणीचा दुसरा भाग तितकाच आवश्यक आहे. जुना आहार पुन्हा द्यावा. दोन आठवड्यांच्या आत खाज उसळली आणि नवा आहार दिल्यावर पुन्हा बसली, तरच ॲलर्जी सिद्ध झाली. अन्यथा ऋतू बदलल्यामुळे किंवा पिसवा गेल्यामुळे आलेल्या आरामाचे श्रेय महागड्या खाद्याला मिळते आणि ते जन्मभर द्यावे लागते.

सर्व खोडून झाल्यावर : वातावरणातील ॲलर्जी

पंजे, तोंड, कान, काखा आणि पोट येथे खाज, आणि तिची सुरुवात साधारण सहा महिने ते तीन वर्षे या वयात, हे अटोपिक त्वचारोगाचे, म्हणजे वातावरणातील घटकांच्या ॲलर्जीने होणाऱ्या त्वचारोगाचे, चित्र आहे. हा आजार आटोक्यात राहतो. मुळापासून जात नाही. हे ऐकताना वाईट वाटते, परंतु पालकांना ते स्पष्ट सांगितले गेले तर पुढचे कित्येक फेरे वाचतात. कुत्र्यांसाठी ओक्लासिटिनिबच्या गोळ्या, साधारण महिन्याने द्यावे लागणारे लोकिवेटमॅबचे इंजेक्शन, आणि परिणामास चार ते सहा आठवडे घेणारे सायक्लोस्पोरिन हे पर्याय आहेत. ओक्लासिटिनिब एक वर्षाखालील कुत्र्याला देत नाहीत आणि लोकिवेटमॅब फक्त कुत्र्यांसाठी आहे, मांजराला ते देऊ नये. ॲलर्जीच्या तपासण्या निदानासाठी नसून कोणत्या घटकांची लस बनवायची हे ठरवण्यासाठी असतात. त्या लसीचा परिणाम दिसण्यास कित्येक महिने, कधी वर्षभर लागते, पण आजाराचा मूळ कल बदलू शकणारा तो एकमेव मार्ग आहे. तरुण जनावरासाठी त्याचा विचार लवकर करावा.

मांजरातील ॲलर्जी फसवी असते. ‘आमचे मांजर खाजवत नाही, फक्त पोटावरचे केस गेले’ असे सांगितले जाते, तेव्हा ते मांजर एकांतात केस चाटून तोडत असते. उपटलेल्या केसांची टोके सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेली दिसली की हे सिद्ध होते. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा: मांजर फक्त ओटीपोटच चाटत असेल तर मूत्राशयाचे दुखणे, आणि कुत्रा एकाच सांध्यावर चाटत असेल तर तेथील वेदना, हे कारण असू शकते.

घरी काय टाळावे आणि केव्हा थांबू नये

माणसांची मलमे लावू नयेत. जनावर ती चाटते आणि औषध पोटात जाते. माणसांच्या सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांत नाक मोकळे करणारे सूडोएफेड्रिन असते, ते कुत्र्या-मांजरांना विषारी आहे. टी ट्री तेल ‘नैसर्गिक’ म्हणून लावले जाते. मांजराला त्याची विषबाधा होते. आधीच्या वेळचे स्टेरॉइड उरले असेल तर ते स्वतःहून सुरू करू नये, आणि दीर्घकाळ चालू असलेले स्टेरॉइड एकाएकी बंदही करू नये. स्टेरॉइड चालू असताना तहान, लघवी, भूक आणि धाप वाढली तर ते पशुवैद्यांना कळवावे. मांजरात दीर्घ वापराने मधुमेह होऊ शकतो.

चेहरा अचानक सुजणे, धाप लागणे, मान एका बाजूला झुकणे किंवा तोल जाणे, कानाची पाळी फुग्यासारखी फुगणे, कातडीला खोल जखमा होऊन ताप येणे, खाजेसोबत जेवण सुटणे, किंवा परमेथ्रिन लागलेल्या मांजराला थरथर सुटणे: यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बाकी वेळी भेटीची तारीख ठरवूनच जावे. जाताना वही, छायाचित्रे, आतापर्यंतच्या सर्व औषधांच्या चिठ्ठ्या व वेष्टने आणि खाद्याच्या पिशवीचे छायाचित्र न्यावे, आणि तपासणीला नेण्याआधी दोन-तीन दिवस अंघोळ घालू नये किंवा कान साफ करू नयेत, कारण जे तपासायचे तेच धुऊन जाते. चिकटपट्टीची तपासणी, खरवडणी आणि कानातील स्रावाची तपासणी झाली का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. निघताना पुढची तारीख औषध संपण्याच्या दोन दिवस आधीची घ्यावी, म्हणजे उपचार वाढवायचा, बदलायचा की थांबवायचा हे कातडी पाहून ठरवता येते.